गळ्यातला खोकला

पलटण डोंगरावरची दोन वर्षं संपवून पीस स्टेशनला उतरली, तेव्हा एमआय रूमच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. पीस स्टेशन म्हणजे जिथे गोळीबार नसतो आणि कुटुंब आणता येतं अशी छावणी. एमआय रूम म्हणजे पलटणीचा छोटा दवाखाना. कॅप्टन हुद्द्याचा एक डॉक्टर, दोन नर्सिंग असिस्टंट, चार खाटा आणि औषधांचं एक लाकडी कपाट. त्या दोघांपैकी एक मी. जवान आम्हाला 'डाक्टर' म्हणत. खऱ्या डॉक्टरला ते 'साब' म्हणत.

सकाळी सहाला सिक रिपोर्ट असे. ज्याला बरं नाही त्याने दवाखान्यासमोर रांगेत उभं राहायचं. आमच्या सातारा भागातली माणसं त्या रांगेत सहसा दिसत नसत. आजारी पडणं हा गुन्हा नव्हता, पण रांगेत दिसणं बरं मानलं जात नसे. ताप असला तर गोळी मागायला ते मागच्या दाराने येत.

नाईक हणमंत काटकर असाच मागच्या दाराने आला. तो माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढच्या एका वस्तीवरचा. मी औंधजवळचा. दोन्ही गावांत चाळीस-एक किलोमीटरचं अंतर, पण फौजेत सातारा जिल्हा हे एकच गाव असतं. तो मला गाववाला म्हणायचा आणि मी त्याला हणमा. तो कंपनीचा रेडिओ ऑपरेटर होता. डोंगरावर दोन वर्षं सेट आणि जादा बॅटऱ्या पाठीवर घेऊन तो चढला-उतरला होता.

"डाक्टर, दार लाव," तो म्हणाला.

त्याच्या उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ होती. आडवा झाला की ती आत जायची. खोकला की बाहेर यायची. हर्नियाच होता. पोटाच्या भिंतीत एक जागा सैल पडते आणि तिथून आतडं बाहेर डोकावतं.

"ऑपरेशन करून घे," मी म्हणालो. "साधं काम आहे. थोडे दिवस हॉस्पिटल, मग सिक लीव्ह."

"आन क्याडर?"

क्याडर म्हणजे हवालदाराच्या बढतीचा कोर्स. तो तीन आठवड्यांवर आला होता. त्यासाठी मेडिकल कॅटेगरी 'शेप वन' लागते, म्हणजे शरीरात काही खोट नाही असा शेरा. ऑपरेशन झालं की काही महिने कॅटेगरी खाली जाते. तेवढ्यात कोर्स निघून जातो.

"माझ्या मागनं भरती झाल्यालं पोरगं हवालदार हुईल," हणमा म्हणाला. "आन मी त्येच्या फुडं फॉलइन हुईन. न्हाई जमायचं, गड्या."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"तूच सांग. डाक्टर तू हायस."

पुढच्या सोमवारी सगळ्या कंपनीची वार्षिक मेडिकल तपासणी होती. हर्नियाची परीक्षा सोपी असते. डॉक्टर जांघेवर बोटं ठेवतो आणि खोकायला सांगतो. पोटाला धक्का बसतो, गाठ बोटाला लागते. धक्काच बसला नाही तर लहान गाठ हाताला लागत नाही. हे मला माहीत होतं, कारण अशा शेकडो तपासण्यांत मी रजिस्टर घेऊन शेजारी उभा राहिलो होतो.

मी त्याला खोकायला शिकवलं. तीन दिवस सकाळी साडेपाचला, कपड्यांच्या स्टोअरमागे.

"गळ्यातून खोक. पोट दगडासारखं ठेव. आवाज मोठा काढ, पण खाली धक्का जाऊ देऊ नकोस."

त्याने करून पाहिलं आणि हसायला लागला. "सासरा सोप्यात येताना खोकतो तसं व्हय रं? सुनांनी पदर घ्यावा म्हनून?"

"बरोबर तसंच."

"मग आदीच सांगायचं की. माझा बा रोज खोकायचा तसं."

तिसऱ्या दिवशी त्याला ते इतकं जमलं की माझी बोटं त्याच्या जांघेवर असूनही मला काही लागलं नाही.

सोमवारी साबांनी बोटं ठेवली. "खांसो." हणमा खोकला. "फिर से." तो पुन्हा खोकला. "ठीक है. नेक्स्ट." मी फॉर्मवर हर्नियाच्या रकान्यात 'निल' लिहिलं. अक्षर माझं आहे.

क्याडर झालं की लगेच ऑपरेशन करायचं, असं त्याने मला वचन दिलं होतं. क्याडर झालं, तीन फिती लागल्या, आणि पलटण पुन्हा डोंगरावर गेली. मी ऑपरेशन थिएटरच्या कोर्सला निघालो. नंतर मोठ्या मिलिटरी हॉस्पिटलांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये माझी नोकरी गेली आणि सुभेदार म्हणून मी निवृत्त झालो. हणमाने दरवर्षी तीच तपासणी तशीच पार केली. तो हवालदार म्हणून घरी गेला आणि वस्तीवर शेळ्यामेंढ्या पाळू लागला. माजी सैनिकांच्या मेळाव्यात भेट झाली की मी विचारायचो, "केलंस का?"

"करतो की. एवढा पाऊस पडून जाऊ दे."

"तुमच्या माणात पाऊस पडतो कधी?"

"म्हनून तर ऱ्हायलंय."

आम्ही दोघं हसायचो. फोनवर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "रेडिओ चेक. ओव्हर." मी म्हणायचो, "लाउड अँड क्लिअर." मग घरच्या गोष्टी.

निवृत्तीनंतर मी सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या थिएटरमध्ये कामाला लागलो. काम तेच. हत्यारं लावणं, सर्जनच्या हातात देणं, आणि जखम शिवण्याआधी प्रत्येक कापसाचा पॅड आणि प्रत्येक चिमटा मोजून मोठ्याने 'काउंट करेक्ट' म्हणणं. पत्नी गावी मुलाच्या कुटुंबात होती. मी खोली घेऊन राहत होतो. वाचनालयाचं कार्ड काढलं होतं.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा हॉस्पिटलने एक थिएटर बाधितांसाठी वेगळं काढलं. तिथे सर्जन मॅडम, भूल देणारे देसाई सर, एक सिस्टर आणि मी. सात दिवस ड्यूटी, मग टेस्ट, मग सात दिवस हॉस्टेलच्या खोलीत एकटं. पीपीई किटमध्ये कोण कोण आहे ते कळत नसे, म्हणून पाठीवर मार्करने नावं लिहायचो. माझ्या पाठीवर 'सुभेदार' लिहिलेलं असे. सहा-सहा तास पाणी प्यायचं नाही. किट काढल्यावर आरशात स्वतःचा चेहरा पाहिला की थोडं अनोळखी वाटे. दिवसभर मी दुसरा चेहरा पाहिलेलाच नसे.

लोकांना वाटतं त्या दिवसांत बाकीचे आजार थांबले होते. तसं नव्हतं. अपेंडिक्स फुटत होतं, अल्सरला भोक पडत होतं, बाळंतिणी अडत होत्या. फरक इतकाच की पोटाच्या त्या दुखण्याबरोबर छातीत विषाणू होता. माझ्यासमोर टेबलावर कुणी गेलं नाही. टाके नीट पडायचे, रक्त थांबायचं, काउंट करेक्ट. रुग्ण बोलत वॉर्डात जायचा. मग चौथ्या, सातव्या, कधी दहाव्या दिवशी वॉर्डातून निरोप यायचा. सगळेच गेले असं नाही. पुष्कळ माणसं चालत घरी गेली. पण ज्या ऑपरेशनांना आम्ही आयुष्यभर साधी म्हणत आलो, त्यांना साधं म्हणणं आम्ही बंद केलं. थांबता येण्यासारखं असेल तर मॅडम थांबत. थांबता येत नसेल तरच चाकू हातात घेत.

एकदा हात धुताना त्या म्हणाल्या, "सुभेदार, पोट आपण वाचवतो. छाती आपल्या हातात नाही."

माझ्या ड्यूटीचा सहावा दिवस होता. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"डाक्टर. रेडिओ चेक. ओव्हर."

आवाज तुटत होता. दोन शब्दांमध्ये तो श्वास घेत होता.

"लाउड अँड क्लिअर. काय रं?"

"क्लिअर न्हाई, गड्या. टेस्ट पॉझिटिव्ह आलीया. सा दिस झालं. खोकला लय. आन ती गाठ भाईर आलीया. आत जाईना."

"कधीपासून?"

"काल दुपारपासनं. लंगोट आवळून बांधलाय."

"उलटी?"

"चार."

"हणमा, लंगोट सोड. आत्ताच्या आत्ता. आणि गाठीला हात लावू नकोस."

खोकून खोकून आतडं बाहेर आलं होतं आणि सैल जागेच्या कडांत अडकलं होतं. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद होतो. मग ते कुजतं. तासांचा हिशेब असतो, आणि त्याने एक रात्र लंगोट बांधून घालवली होती. जवळच्या दोन दवाखान्यांतून त्याला परत पाठवलं होतं. एकाकडे कोरोनाच्या खाटा होत्या, पण सर्जन नव्हता. दुसऱ्याकडे सर्जन होता, पण बाधित माणूस घेत नव्हते. मी मॅडमना विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आणा."

अॅम्ब्युलन्स मायणी, विटा, तासगाव करत एक वाजून चाळीस मिनिटांनी पोचली. सोबत कुणी नव्हतं. त्याची पत्नी सुमन वहिनी घरी तापाने पडल्या होत्या, दोन्ही मुलं मुंबईत अडकली होती. ऑक्सिजन लावूनही त्याचं सॅच्युरेशन नव्वदवर होतं. स्ट्रेचरवर तो लहान दिसत होता.

मॅडमनी त्याला तपासलं आणि देसाई सरांकडे पाहिलं.

"पूर्ण भूल?"

"नको," देसाई सर म्हणाले. "नळी घातली तर ही छाती परत काढू देणार नाही. कमरेत इंजेक्शन देतो. जागा राहील."

संमती फोनवर घेतली. मॅडमनी स्पीकर लावून वहिनींना सगळं सांगितलं. ऑपरेशन नाही केलं तर आतडं सडेल. केलं तर ऑपरेशन होईल, पण नंतर छाती बिघडू शकते. दोन्हीकडे धोका आहे.

मग वहिनी म्हणाल्या, "करा. भावजी हायती का तितं?"

"आहे, वहिनी."

"त्यांना एकटं ठिवू नगा."

"नाही ठेवणार," मी म्हणालो.

दोन वाजून वीस मिनिटांनी चीर घेतली. आतड्याचं वेटोळं वांग्याच्या सालीसारखं जांभळं झालं होतं. मॅडमनी अडकवणारी कड कापली, वेटोळं मोकळं केलं आणि गरम सलाइनचे पॅड मागितले. आता थांबायचं असतं. रक्त परत आलं तर आतडं गुलाबी होतं आणि वाचतं. नाही आलं तर तेवढा तुकडा कापून काढावा लागतो. मी पॅड देत राहिलो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. दहा मिनिटं गेली.

पडद्यापलीकडून, ऑक्सिजनच्या मास्कखालून हणमाचा आवाज आला.

"डाक्टर. हितं हायस का?"

"आहे."

"कोन त्यातला?"

"पाठीवर सुभेदार लिहिलंय तो."

"मला पाठ कशी दिसंल, येड्या?"

सिस्टर हसली. त्याच क्षणी त्याला खोकला आला. मॅडमनी दोन्ही हातांनी आतडं सांभाळलं. "खोकू नका, काका. थोडा वेळ दम धरा."

"येतोय, मॅडम. थांबंना."

तो खोकला. मोठ्याने खोकला, पण पोट जवळजवळ हललं नाही. पुन्हा खोकला. आतडं जागचं हललं नाही.

"कमाल आहे," मॅडम म्हणाल्या. "इतकं गळ्यातून खोकणं कुणाला जमत नाही. कुठे शिकलात, काका?"

"फौजंत," हणमा म्हणाला.

मॅडमनी माझ्याकडे हात केला. मी गरम पॅड दिला. थोड्या वेळाने त्यांनी तो उचलला. आतडं गुलाबी झालं होतं.

काही कापावं लागलं नाही. भिंत शिवली. मी पॅड मोजले, चिमटे मोजले. "काउंट करेक्ट." तीन वाजून पाच मिनिटांनी ऑपरेशन संपलं. ते यशस्वी झालं. कागदावर तसंच लिहिलं आहे आणि ते खरं आहे.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपताना माझी टेस्ट झाली. पॉझिटिव्ह आली. मला खोलीत बंद करण्यात आलं. थोडा ताप, चव गेलेली, बाकी काही नाही. विषाणू तोच होता. माझ्या अंगावर जखम नव्हती, एवढाच फरक.

माझ्या खिडकीतून समोर वॉर्डची इमारत दिसायची. दुसऱ्या मजल्यावर, डावीकडून चौथी खिडकी त्याच्या खाटेची. काच दुधी होती. सिस्टर रोज अकरा वाजता त्याच्या हातात फोन द्यायची.

"रेडिओ चेक."

"लाउड अँड क्लिअर. जेवलास?"

"पेज दिली. मेंढरं बी खानार न्हाईत आसली."

तिसऱ्या दिवसापासून ऑक्सिजन वाढवावा लागला. फुप्फुसात कफ साठत होता. ताकद लावून, पोटातून खोकून तो बाहेर काढणं गरजेचं होतं. सिस्टर त्याला उशी पोटाशी धरायला सांगायची आणि जोरात खोकायला लावायची. पालथं झोपवायची. पालथं झोपलं की जांघेतल्या टाक्यांवर भार यायचा, तो कण्हत पुन्हा कुशीवर व्हायचा. आणि खोकताना तो गळ्यातून खोकायचा. सिस्टरने मला फोनवर सांगितलं, "सुभेदार, तुमचे मित्र ऐकत नाहीत. नुसता आवाज काढतात."

मी तो आवाज ओळखत होतो.

"हणमा," मी म्हणालो, "पोटातून खोक."

"टाकं तुटतील."

"तुटणार नाहीत. मी शिवताना पाहिलंय. पोटातून खोक."

"तूच म्हनलावतास, गळ्यातनं."

"ऑर्डर बदलली."

"लेखी दे."

"हणमा, चेष्टा नको रं."

तो थांबला. उशी ओढल्याचा आवाज आला. मग त्याने खोकायचा प्रयत्न केला. सुरुवातीला तोच, सासऱ्याचा. मग मध्येच काहीतरी सुटलं आणि खोलवरून, अंग हलवणारा खोकला आला. इतक्या वर्षांत मी त्याचा खरा खोकला कधी ऐकला नव्हता. त्यानंतर बराच वेळ तो नुसता श्वास घेत राहिला.

"लय दुखतं, गड्या."

"माहीत आहे. परत एकदा."

"उद्या. आज येवढंच."

मी फोन ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही. काही वेळाने मी म्हणालो, "तेव्हाच ऑपरेशन केलं असतं तर हे झालं नसतं. मी नको ते शिकवलं."

"तू नस्तास तर मी नाईकच घरी गेलो आस्तो," तो म्हणाला. "आता गप. बॅटरी सपंल. औट."

पाचव्या दिवशी तोंडावर घट्ट बसणारा बायपॅपचा मास्क लावला. मास्कमध्ये बोलता येत नाही. डोंगरावर गस्त शत्रूच्या जवळ असली की ऑपरेटर बोलत नाही. सेटचं बटण नुसतं दाबतो. दोनदा दाबलं म्हणजे ठीक आहे. मी सिस्टरला म्हणालो, फोन त्याच्या बोटाजवळ धरा.

"हणमा, रेडिओ चेक."

फोनच्या काचेवर नखाचा आवाज आला. टक, टक.

सहाव्या दिवशी दोनदा. सातव्या दिवशी दोनदा, पण मध्ये फार वेळ गेला. आठव्या दिवशी एकदा.

त्या दिवसांत माझ्याकडे वाचनालयाची दोन पुस्तकं होती. एकाची पंधरा पानं वाचली. तीच पंधरा पानं रोज.

नवव्या दिवशी अकराला फोन आला नाही. दुपारी सव्वाचारला आला. सिस्टर बोलत होती. मी म्हणालो, "वेळ?" ती म्हणाली, "तीन पन्नास." मी वेळ कागदावर लिहिली. का लिहिली ते माहीत नाही. सवय.

संध्याकाळी सहाला पालिकेची गाडी मागच्या फाटकातून निघाली. सोबत किट घातलेले दोघं. खिडकीतून गाडीचं फक्त छप्पर दिसलं. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी सावधान उभा होतो. कमरेला लुंगी होती. मी वहिनींना शब्द दिला होता आणि तो शेवटपर्यंत एकटा होता. शंभर पावलांवर मी होतो.

त्याच संध्याकाळी वहिनींनी फोन केला. त्या रडत नव्हत्या. त्यांना एकच गोष्ट कळत नव्हती.

"भावजी, मिल्ट्रीत दरसाल आंग तपासत्यात म्हनं. मग ह्यो रोग सापडला कसा न्हाई?"

"कधी कधी सापडत नाही, वहिनी," मी म्हणालो.

सव्वीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये मी 'निल' हे एकच खोटं लिहिलं होतं. ते वाक्य दुसरं खोटं. पहिलं मित्रासाठी होतं. दुसरं कुणासाठी होतं ते मला चांगलं माहीत होतं.

त्यानंतर मी माणात गेलो नाही. दरवर्षी श्राद्धाचा निरोप यायचा. मी ड्यूटीचं कारण सांगायचो. थिएटरमध्ये कुणी रुग्णाला 'खोका' म्हणालं की माझा हात क्षणभर थांबायचा. मॅडमच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी कधी विचारलं नाही.

या वर्षी मी गेलो. सकाळची एसटी धरून दहिवडी, तिथून वस्तीपर्यंत चालत. वहिनी सोप्यात मटकी निवडत बसल्या होत्या. दाराशेजारी तीन फितींच्या वर्दीतला हणमाचा फोटो होता. दोन्ही मुलं कामाला मुंबईला परतली होती, सुना घरी होत्या. थोरली आत भाकरी करत होती. पाणी झालं, चहा झाला.

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही फोनवर एक विचारलं होतं."

"व्हय. तुमी म्हनलात, कवा कवा सापडत न्हाई."

"ते खोटं होतं."

मी सगळं सांगितलं. गाठ, क्याडर, कपड्यांच्या स्टोअरमागच्या तीन सकाळी, 'निल'. रिपोर्ट देतात तसं, क्रमाने. त्यांचे हात थांबले नाहीत. खडा निघाला की बाजूला, मटकी सुपात.

माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "कसं शिकवलंत? करून दावा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"दावा की."

मी उठून उभा राहिलो. पोट दगडासारखं धरलं आणि गळ्यातून खोकलो. मोठ्याने, दोनदा.

आत भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला. बांगड्या वाजल्या. थोरली सून डोक्यावर पदर ओढत दारात आली, आणि मला बघून तिथेच थांबली. तिने पिठाचा हात पाहिला, पदराला पीठ लागलं होतं. ती आत गेली. भाकरीचा आवाज लगेच सुरू झाला नाही.

"आसंच," वहिनी म्हणाल्या. "सोप्यात येताना आसंच खोकायचे. आमी म्हनायचो, सासरं झाल्याचा मान मिरवत्यात."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि फोटोकडे पाहिलं.

"फिती लागल्या तवा सुट्टीवर आलं व्हतं. सगळ्या वस्तीला पेढं वाटलं. मी बी खाल्ला त्यातला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जेवून जावा, भावजी."

मी जेवलो. परतीच्या वाटेवर वेशीतली फरशी पाहिली. फौजेत कामी आलेल्या गावच्या माणसांची नावं तिच्यावर कोरलेली आहेत. हणमंताचं नाव तिथे बसत नाही. तो निवृत्तीनंतर, सांगलीत, हॉस्पिटलच्या खाटेवर गेला. त्याच्या सर्व्हिसचे कागद कुठल्यातरी कपाटात असतील, आणि त्यांत दर वर्षाच्या पानावर एक रकाना कोरा किंवा खोटा असेल. पहिल्या खोट्या पानावर माझं अक्षर आहे. ते पान मला आता मिळणार नाही, म्हणून दुरुस्ती इथे करतो.

हवालदार हणमंत काटकर. रेडिओ ऑपरेटर. हर्निया, उजवी बाजू. तपासणीच्या दिवशी होता. मला माहीत होतं.